रॅममधला डेटा तिथे ‘पडून’ असतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात मेमरीचं चित्र म्हणजे एकाखाली एक रकाने, प्रत्येकाला एक पत्ता आणि प्रत्येकात एक बाइट. चिपच्या आत खरंच असं असतं का? बिट म्हणजे प्रत्यक्षात कुठली वस्तू? आणि लाईट गेली की रॅममधलं जातं, पेनड्राइव्हमधलं मात्र राहतं, ते का?

माझं काम मेमरी कंट्रोलरच्या फर्मवेअरचं (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमचं) आहे, म्हणजे प्रोसेसर आणि रॅमची पट्टी यांच्या मधल्या भागाचं. त्यामुळे उत्तर लांबणार. रकान्यांचं चित्र प्रोग्रॅम लिहायला पुरतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातून एक समज डोक्यात पक्का बसतो: एकदा ठेवलेला डेटा पुन्हा हात लावेपर्यंत तिथे पडून राहतो. रॅममध्ये तो दर सेकंदाला किमान पंधरा वेळा नव्याने लिहिला जातो. वाचला की जागेवरून पुसला जातो आणि लगेच परत भरला जातो. एसएसडीत, म्हणजे पेनड्राइव्हसारख्याच चिपच्या डिस्कमध्येसुद्धा, तो गळत असतो, फक्त फार सावकाश. पुढचं सगळं याच गळतीभोवती फिरतं.

‘मान’ हा शब्द घेऊ. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये मांडायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म, काना आणि न मिळून नऊ बाइट झाले. त्यातल्या एकट्या ‘म’चे तीन बाइट असे दिसतात: १११००००० १०१००१०० १०१०१११०. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

यातला प्रत्येक एक आणि प्रत्येक शून्य रॅममध्ये एका स्वतंत्र सेलमध्ये असतो. सेल म्हणजे एक ट्रान्झिस्टर (विजेने उघडझाक होणारं दार) आणि एक कपॅसिटर (चार्ज साठवणारं भांडं), बस. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली आणि १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं. त्याआधी एका बिटसाठी निदान तीन ट्रान्झिस्टर लागत. गंमत म्हणजे १९७० मध्ये इंटेलने बाजारात आणलेली ११०३ ही गाजलेली चिपसुद्धा तीन ट्रान्झिस्टरवालीच होती आणि तिच्यात जेमतेम १,०२४ बिट मावत. आज तुमच्या लॅपटॉपमधल्या ८ जीबीच्या पट्टीवर सुमारे ६,८७२ कोटी सेल आहेत आणि प्रत्येक सेल डेनार्ड यांच्याच पद्धतीचा आहे.

कपॅसिटरमध्ये चार्ज असला तर एक, नसला तर शून्य. काही सेल उलट बाजूने जोडलेले असतात, त्यांत अर्थही उलटा, पण तो हिशोब चिप आतल्या आत सांभाळते. चार्ज तरी किती? आजच्या सेलची धारकता, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, दहा फेमटोफॅरडच्या आसपास असते. एका व्होल्टच्या आसपास दाब दिला तर त्यात मावतात काही दहा हजार इलेक्ट्रॉन. तुमच्या ‘म’मधला एक बिट म्हणजे एवढेच इलेक्ट्रॉन, आणि ते ज्या दारामागे कोंडलेले आहेत ते दार, म्हणजे तो ट्रान्झिस्टर, कधीच घट्ट बंद होत नाही.

गळतीकडे वळण्याआधी ‘मान’ पट्टीवर कुठे बसतो ते सांगतो, कारण रकान्यांचं चित्र इथेच सगळ्यात जास्त दिशाभूल करतं. डीडीआर४ या रॅमच्या पिढीतल्या साध्या पट्टीवर आठ चिप असतात. प्रत्येक चिपमधून एका वेळी आठ बिट बाहेर येतात, म्हणजे पट्टीतून एका ठोक्याला चौसष्ट. पत्ता आठाच्या पाढ्यातला असेल तर ‘मान’चा पहिला बाइट पहिल्या चिपमध्ये, दुसरा दुसरीत, आठवा आठवीत आणि नववा पुढच्या ठोक्याला पुन्हा पहिल्या चिपमध्ये. एकट्या ‘म’चे तीन बाइट तीन चिपमध्ये. पुस्तकात एकाखाली एक दिसणारे शेजारी प्रत्यक्षात वेगवेगळ्या चिपमध्ये राहतात. शिवाय तुमच्या प्रोग्रॅमला दिसणारा पत्ता हा खरा पत्ता नसतोच. ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीचे ४ केबीचे तुकडे करते आणि हवे तिथे बसवते, आणि कंट्रोलर वेग वाढावा म्हणून ते पत्ते बँकांमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या स्वतंत्र विभागांमध्ये, आणखी विखुरतो. पॉइंटर, म्हणजे पत्ता साठवणारा व्हेरिएबल, छापून ‘हा बघा रॅममधला पत्ता’ असं वर्गात सांगतात, ते तेवढंसं खरं नाही.

प्रत्येक चिपच्या आत सेलची जाळी असते, आडव्या ओळी आणि उभे स्तंभ. ८ गिगाबिटच्या एका चिपमध्ये सोळा बँका, प्रत्येक बँकेत ६५,५३६ ओळी आणि प्रत्येक ओळीत १ केबी. आठही चिप एकसाथ चालतात, म्हणून पट्टीच्या हिशोबाने एक ओळ ८ केबीची. तुम्हाला हवा असतो एक बाइट, पण एक बाइट वाचायची सोयच नाही. जुन्या काळी तलाठ्याकडे एका खातेदाराचा उतारा मागितला तरी अख्खं बाड कपाटातून काढून टेबलावर मांडावं लागे, तसंच हे आहे. आधी पूर्ण ओळ उघडायची, मग त्यातला तुकडा वाचायचा, आणि त्याच बँकेतली दुसरी ओळ हवी असेल तर आधी ही बंद करायची.

ओळ उघडताना काय होतं ते जरा तपशिलात सांगतो, कारण माझ्या मते मेमरीतला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे. प्रत्येक स्तंभाला एक लांब तार असते, बिटलाइन. वाचण्याआधी ती अर्ध्या व्होल्टेजवर आणून ठेवतात. मग ओळीचे सगळे ट्रान्झिस्टर एकदम उघडतात आणि प्रत्येक सेल आपला चार्ज आपापल्या बिटलाइनवर सोडतो. तार सेलपेक्षा कितीतरी मोठी. त्यामुळे तिचं व्होल्टेज जेमतेम काही दहा मिलिव्होल्ट, फार तर शंभरेक, वर किंवा खाली सरकतं. एवढासा कल सेन्स ॲम्प्लिफायर ओळखतो आणि ताणून पूर्ण एक किंवा पूर्ण शून्य करतो. आता सेलची अवस्था बघा. त्याने आपला चार्ज तारेवर ओतून टाकला, म्हणजे त्यातला बिट गेला. वाचणं म्हणजे पुसणं. पण सेन्स ॲम्प्लिफायरने ताणलेलं व्होल्टेज त्याच तारेवरून, अजून उघड्या असलेल्या ट्रान्झिस्टरमधून, सेलमध्ये परत जातं आणि सेल पुन्हा काठोकाठ भरतो. वाचणं आणि पुन्हा लिहिणं ही एकच क्रिया आहे.

ही पद्धत आजची नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये सुरू झाला. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती, ४० बिटचे २,०४८ शब्द, म्हणजे आजच्या भाषेत १० केबी. त्या कड्यांत चुंबकत्व असल्यामुळे वीज गेली तरी बिट टिकायचा, पण वाचताना तोही पुसला जायचा आणि लगेच परत लिहावा लागायचा. त्याही आधी, जून १९४८ मध्ये, मँचेस्टरला जो पहिला साठवलेला प्रोग्रॅम चालला त्याची मेमरी म्हणजे टीव्हीसारख्या नळीच्या काचेवरचे चार्जचे ठिपके. ते क्षणात विरायचे, म्हणून पुन्हा पुन्हा उजळत ठेवायचे.

आता गळतीचं. बंद ट्रान्झिस्टरमधूनही थोडा प्रवाह झिरपतो आणि सेल हळूहळू रिकामा होतो. बहुतेक सेल कित्येक सेकंद तग धरतात, पण कोट्यवधींमध्ये काही दुबळे निघणारच आणि नियम त्यांच्याकडे बघूनच करावा लागतो. डीडीआर४ मध्ये प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी उघडून भरली गेलीच पाहिजे. डीडीआर५ मध्ये ३२. याला रिफ्रेश म्हणतात. डीडीआर४ मध्ये कंट्रोलर दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक रिफ्रेशची आज्ञा देतो. तुम्ही स्क्रीनकडे नुसते बघत बसलात तरी देतो. ८ गिगाबिटच्या चिपला एक रिफ्रेश उरकायला ३५० नॅनोसेकंद लागतात आणि तेवढा वेळ ती चिप वाचायला-लिहायला मिळत नाही. भागाकार केला तर रॅमचा साडेचार टक्के वेळ नुसता विसरू नये म्हणून जातो. तापमान वाढलं की गळती वाढते, म्हणून चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेली की रिफ्रेश दुप्पट वेगाने करावा लागतो. मे महिन्यात पंखा बंद पडलेल्या डब्यात ठेवलेली यंत्रं उगाच अडखळतात, त्याला अनेक कारणं असतात. त्यांतलं एक हे.

लाईट गेल्यावर काय होतं याचं उत्तर इथेच आहे. वीज गेली म्हणजे रिफ्रेश थांबला. डेटा त्या क्षणी पुसला जात नाही, तो विरत जातो. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे फार परिणामकारक दाखवलं. धूळ उडवायचा हवेचा डबा उलटा धरून त्यांनी चालू संगणकाच्या रॅमवर फवारा मारला, चिप उणे ५० अंशांच्या आसपास नेल्या आणि मग वीज तोडली. दहा मिनिटांनंतरही एक टक्क्याहून कमी बिट बदलले होते. पट्टी काढून दुसऱ्या यंत्रात लावली आणि डिस्कच्या कुलुपाची (एन्क्रिप्शनची) किल्ली त्यातून वाचली. लॅपटॉप स्लीपमध्ये ठेवून निर्धास्त राहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: स्लीपमध्ये रॅमला वीज चालूच असते आणि किल्लीही बहुधा तिथेच असते.

गळतीला शेजारीही हातभार लावतात. एकच ओळ वारंवार उघड-बंद केली तर बाजूच्या ओळींतला चार्ज नेहमीपेक्षा लवकर उतरतो. हे रोहॅमर. २०१४ च्या एका अभ्यासात डीडीआर३ च्या १२९ पट्ट्या तपासल्या, त्यातल्या ११० मध्ये हा दोष सापडला. म्हणजे एखादा प्रोग्रॅम स्वतःच्याच मेमरीत काही लाख वेळा वाचत बसून दुसऱ्याच्या मेमरीतला बिट उलटवू शकतो. पुढच्याच वर्षी गूगलच्या सुरक्षा गटाने त्याच्या जोरावर यंत्राचा पूर्ण ताबा मिळवून दाखवला. डीडीआर४ मध्ये यावर तोड काढल्याचा दावा झाला आणि २०२० मध्ये तीही फोडली गेली. सेल जितके लहान आणि जवळ येतील तितका हा त्रास वाढतो. आमच्या धंद्यात यावर कायमचा तोडगा निघाला असं जो म्हणतो, त्याच्याकडे मी जरा संशयानेच बघतो.

वेगाचं बघा. उघड्या ओळीतून वाचायला साधारण १४ नॅनोसेकंद. ओळ उघडायची असेल तर आणखी १४. आधी दुसरी बंद करायची असेल तर अजून १४. येण्याजाण्याचा रस्ता धरला तर प्रोसेसरच्या हातात डेटा पडेपर्यंत ८० ते १०० नॅनोसेकंद होतात. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात अडीचशे-तीनशे ठोके वाया गेले. म्हणून मध्ये कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच छोटी, वेगवान मेमरी. कॅशचा सेल सहा ट्रान्झिस्टरचा असतो. त्यात कपॅसिटर नाही, दोन उलटसुलट जोडलेल्या जोड्या एकमेकींना धरून ठेवतात. वीज आहे तोवर रिफ्रेश नको आणि वाचल्याने पुसलंही जात नाही. पण जागा खूप खातो, म्हणून प्रोसेसरला सगळ्यात जवळचा कॅश बहुतेक वेळा ३२ किंवा ४८ केबीचाच असतो.

सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांना याचा पडताळा घरबसल्या घेता येतो. ४,०९६ गुणिले ४,०९६ आकड्यांचा अॅरे घ्या, चार बाइटचा इंट, एकूण ६४ एमबी. एकदा ओळीने बेरीज करा, एकदा आतला लूप स्तंभावर फिरवा. बेरीज तीच, पण दुसऱ्या वेळी कित्येक पट वेळ लागेल. रॅमकडून काहीही मागितलं तरी ६४ बाइट एकदम येतात. ओळीने गेलात तर त्या एका खेपेत सोळा आकडे कामी येतात. स्तंभाने गेलात तर एक वापरला, पंधरा फुकट, आणि पुढची उडी १६ केबी लांब. त्यात १६ केबी ही दोनची घात असल्यामुळे सगळ्या उड्या कॅशच्या त्याच मोजक्या खणांवर येऊन आदळतात आणि एकमेकींना बाहेर ढकलतात. रुंदी ४,०९६ ऐवजी ४,११२ ठेवून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेही फरक दिसतो. मात्र कंपायलरचं ऑप्टिमायझेशन फार वर ठेवू नका, तो शहाणपणा करून तुमचे लूप स्वतःच उलटवतो.

बिट चुकतात का? हो, चुकतात. इंटेलच्या संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवलं की चिपच्या सिरॅमिक वेष्टनात असलेल्या युरेनियम-थोरियमच्या अंशांतून निघणारे अल्फा कण सेलमधला बिट उलटवतात. वेष्टनं नंतर सुधारली. अवकाशातून येणाऱ्या कणांमुळे होणाऱ्या चुका, दुबळे सेल आणि ढिले संपर्क राहिलेच. गूगलने आपल्या सर्व्हरांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरात सुमारे आठ टक्के पट्ट्यांवर निदान एक तरी चूक आढळली होती.

आता ‘म’चा शेवटचा बाइट परत काढा: १०१०१११०. उजवीकडून तिसरा बिट उलटला की १०१०१०१० होतो, आणि तो झाला ‘प’. ‘मान’चं ‘पान’ झालं. चौथा उलटला तर ‘द’, म्हणजे ‘दान’. अगदी उजवीकडचा उलटला तर ‘यान’. चारही शब्द शुद्ध, स्पेलचेकलाही काही वावगं दिसणार नाही. मजकुरात हे खपून जाईल, खात्यावरच्या शिलकेत नाही. म्हणून सर्व्हरच्या पट्टीवर दर ६४ बिटमागे आठ जास्तीचे तपासणी बिट ठेवतात, एकूण ७२. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या गणिताने त्यातली एक चूक दुरुस्त होते आणि दोन असल्या तर निदान कळतात. याला ईसीसी म्हणतात. दुकानात हल्ली ‘डीडीआर५ मध्ये ईसीसी असतंच’ असं सांगतात. ते चिपच्या आतलं ईसीसी. लहान सेलच्या चुका झाकून उत्पादन वाढावं म्हणून ते घातलंय. चिप ते प्रोसेसर या रस्त्यावरच्या चुका त्याला दिसत नाहीत. हिशोबाचं किंवा संशोधनाचं यंत्र घेत असाल तर ईसीसीची वेगळी पट्टी आणि तिला चालणारा बोर्ड घ्या. घरच्या वापराला नसलं तरी चालतं. यंत्र विचित्र वागत असेल तर मात्र आधी रात्रभर मेमरी टेस्ट लावा, मग विंडोज नव्याने टाका. लोक नेमकं उलटं करतात.

उरला पेनड्राइव्ह आणि एसएसडी. इथे इलेक्ट्रॉन खऱ्या अर्थाने कोंडलेले असतात. ट्रान्झिस्टरच्या आत, चारही बाजूंनी अवाहक थर असलेल्या एका कप्प्यात. कल्पना बेल लॅब्समधल्या डॉवन कांग आणि सायमन झी यांची, १९६७ ची. तोशिबामधल्या फुजिओ मासुओका यांनी तिच्यातून १९८४ मध्ये फ्लॅश आणि १९८७ मध्ये आज सर्वत्र असलेली नँड फ्लॅश उभी केली. लिहिताना वीसेक व्होल्टचा दाब देऊन इलेक्ट्रॉन त्या थरातून आरपार ढकलायचे, पुसताना उलटे ओढायचे. दर खेपेला थर थोडा झिजतो. म्हणून फ्लॅशला आयुष्य असतं, रॅमला त्या अर्थाने नसतं.

पैसे वाचावेत म्हणून आता एका सेलमध्ये एकाऐवजी तीन बिट बसवतात, त्यासाठी चार्जच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. चार बिटवाल्या स्वस्त ड्राइव्हमध्ये सोळा. पातळ्या जितक्या जवळ, तितकी थोडी गळतीही महाग. एकेरी बिटचा सेल लाखभर वेळा लिहिता यायचा, तीन बिटवाला हजार ते तीन हजार वेळा. त्यात पुसायचं तर अख्खा काही एमबीचा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. म्हणून तुम्ही फाइल बदलता तेव्हा जुन्या जागी काहीच लिहिलं जात नाही. नवी प्रत दुसरीकडे जाते आणि आतला कंट्रोलर आपल्या तक्त्यात नोंद बदलतो. एसएसडीवरची डिलीट झालेली फाइल परत मिळणं अवघड जातं ते यामुळेच. ऑपरेटिंग सिस्टिम ट्रिमची, म्हणजे ‘ही जागा आता नको’ अशी, आज्ञा पाठवते, कंट्रोलर ती जागा मोकळी धरतो आणि सवडीने ब्लॉक साफ करतो. चुकून काही उडालं तर यंत्र ताबडतोब बंद करा. नुसतं चालू राहिलं तरी आत साफसफाई होत राहते.

‘कायम’ राहतं ते किती काळ? जेडेक या मानक संस्थेची घरगुती एसएसडीसाठीची अट अशी: ठरलेलं सगळं लिखाण करून झिजलेला ड्राइव्ह वीज न देता ३० अंश तापमानात ठेवला तर डेटा एक वर्ष टिकायला हवा. सर्व्हरच्या ड्राइव्हला ४० अंशांत तीन महिने. याचा अर्थ नवा ड्राइव्ह वर्षात कोरा होतो असा नाही, तो बराच जास्त टिकतो. पण विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत, लोखंडी कपाटात, लग्नाचे सगळे फोटो एकाच जुन्या वापरलेल्या एसएसडीवर ठेवून पाच वर्षं विसरून जाणं हे मी करणार नाही. एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवा, तिथे बिट चुंबकीय असतो आणि त्याला ही गळती नाही. तिचे यांत्रिक आजार वेगळे. एसएसडी वर्षातून एकदा तरी जोडा. नुसता फोल्डर उघडून ‘आहेत फोटो’ म्हणून काढू नका, सगळ्या फायली दुसरीकडे कॉपी करा. म्हणजे प्रत्येक ब्लॉक वाचला जातो, दुबळे झालेले कंट्रोलरच्या नजरेस येतात आणि दुरुस्त होण्याजोगे आहेत तोवर तो ते नव्या जागी लिहू शकतो.